पट्टेरी साप दिसला तर काय बघायचं: मण्यार, कवड्या, नानेटी आणि जगभरातले त्यांचे भाऊबंद

जोसेफ स्लोविन्स्की हे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमधले सर्पतज्ज्ञ. विषारी साप हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी, उत्तर म्यानमारच्या दुर्गम भागात मुक्कामी असताना, सहकाऱ्याने पकडून आणलेला एक लहान पट्टेरी साप बघायला त्यांनी पिशवीत हात घातला. पकडणाऱ्याला तो बिनविषारी वाटला होता, आपल्याकडच्या कवड्याच्या कुळातला. तो निघाला मण्यारीच्या कुळातला. काही तासांत त्यांचे हातपाय ढिले पडले, मग श्वास. सोबत्यांनी आळीपाळीने तोंडाने श्वास देत त्यांना तासन्‌तास धरून ठेवलं, पण खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर पोहोचू शकलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले. वय ३८.

ज्या दोन कुळांत ही गल्लत झाली, ती दोन्ही मराठवाड्यात घराघरांत वावरतात. मण्यार आपल्या आठही जिल्ह्यांत आहे. कवड्या तर माळवदाच्या भेगांत, न्हाणीच्या भिंतीवर, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे पाली धरत फिरतो. दोघांच्या अंगावर आडवे पांढुरके पट्टे, दोघंही रात्रीचे. एकीच्या चाव्याने झोपलेला माणूस सकाळ बघत नाही, दुसऱ्याचा चावा साबणाने धुतला की झालं. आणि आपण काय करतो? पट्टा दिसला की मण्यार म्हणून कवड्याला ठेचतो, किंवा त्याहून वाईट, कवड्या समजून मण्यारीला हाताने उचलतो. दुसरी चूक जीव घेते. ती टळावी, यासाठी पट्टेरी साप कसा वाचायचा हे इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी: अंतर आणि उजेड

साप किमान सहा-सात फुटांवरून बघायचा. काठीने ढोसून, शेपटी ओढून, "जरा तोंड दिसू दे" म्हणत बघायचा नाही. आता जवळपास प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. लांबूनच फोटो काढा आणि फोटो मोठा करून बघा.

फोटोचीही एक पद्धत आहे. मण्यारीचे खवले गुळगुळीत आणि चकचकीत असतात. समोरून फ्लॅश मारला की अंगावर पांढरा झोत उमटतो आणि बारीक पट्टे त्यात नाहीसे होतात. फ्लॅश बंद ठेवा, दुसऱ्याला बाजूने बॅटरी धरायला सांगा. एक फोटो पूर्ण सापाचा घ्या. मग मोठे करून तीन: मानेचा, मधल्या अंगाचा, शेपटीचा. ओळखीची सगळी भिस्त या तीन जागांवर आहे. नुसत्या वेटोळ्याचा फोटो पाठवून "मामा, मण्यार हाय का बघा बरं" असं विचारलं, तर अनुभवी सर्पमित्रही छातीठोक सांगू शकत नाही.

दुसरी पायरी: पट्टे आडवे, रेघा उभ्या की नागमोडी

अंगाला कड्यासारखे फिरणारे किंवा पाठीवर एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे जाणारे ते आडवे पट्टे. मानेकडून शेपटीकडे लांबच लांब जाणाऱ्या त्या उभ्या रेघा. आणि तिसरा प्रकार नागमोडी किंवा साखळीसारख्या नक्षीचा.

मराठवाड्यापुरतं एक ढोबळ गणित उपयोगी पडतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपले चार मोठे विषारी साप. त्यांत आडव्या पट्ट्यांची ती मण्यार. पाठीवरून सरळ उभ्या रेघा गेलेला या चौघांत एकही नाही. नागमोडी रेघ फुरशाची, साखळी घोणशीची. म्हणून आडवा पट्टा दिसला की सावध व्हायचं, नागमोडी दिसली तरी सावध व्हायचं, आणि सरळ उभी रेघ दिसली तर थोडं हायसं वाटायला हरकत नाही. पण हे गणित इथलंच आहे. आग्नेय आशियातल्या निळ्या पोवळ्या सापाच्या कुशीवरून फिकट निळ्या उभ्या रेघा जातात, डोकं आणि शेपूट लालभडक असतं आणि विष जालीम. आपला नियम घेऊन तिकडच्या जंगलात शिरू नये.

तिसरी पायरी: मण्यार की कवड्या

इथे सावकाश वाचा, कारण खरी गरज इथेच आहे.

पहिला प्रश्न असा विचारा: पट्टे कुठे ठळक आहेत, मानेकडे की शेपटीकडे? मोठ्या मण्यारीच्या मानेमागचा बराच भाग जवळजवळ कोरा असतो, किंवा पाठीच्या मधोमध नुसते पांढरे ठिपके असतात. तिथून मागे पट्टे स्पष्ट होत जातात आणि शेपटीपर्यंत टिकतात. कवड्याचं बरोबर उलटं. मानेवरच रुंद, पिवळट पांढरा पट्टा असतो, पुढच्या अंगावरचे पट्टे उठून दिसतात आणि मागे जाता जाता विरतात. शेपटी बऱ्याचदा नुसती तपकिरी.

दुसरा प्रश्न: पट्टे एकेकटे की जोडीने? मण्यारीचे पट्टे बारीक, दोरा ओढल्यासारखे, आणि बहुतेकदा दोन-दोनच्या जोडीने येतात. कवड्याचे एकेकटे, रुंद, आणि कुशीकडे उतरताना फाटून जाळीदार होतात.

मग रंग. मण्यार काळी किंवा निळसर काळी. कवड्या तपकिरी, कधी गडद तर कधी विटकरी. बॅटरीच्या पिवळ्या उजेडात मात्र गडद तपकिरी काळा दिसतो, तेव्हा एकट्या रंगावर निकाल देऊ नका.

डोकंही बघा. मण्यारीचं डोकं आणि मान जवळजवळ एकाच जाडीची. कवड्याचं डोकं चपटं, मानेहून रुंद, आणि काळे डोळे बाहेर आल्यासारखे. जागाही बोलते. उभ्या भिंतीवर सरसर चढणारा, दाराच्या चौकटीवर बसलेला साप बहुधा कवड्या असतो, मण्यार जमिनीवरची. लांबी मण्यारीची तीन-साडेतीन फूट, क्वचित पाचाच्या वर. कवड्या दीड-दोन फुटांचा.

आता धोका कुठे आहे तो. मण्यारीच्या पिलांच्या अंगावर पुढच्या भागातही पट्टे ठळक असतात आणि लांबी कवड्याएवढीच. उलट एखाद्या वयस्क मण्यारीचे पट्टे इतके पुसट होतात की ती नुसती काळी वाटते, आणि लोक "हा तर साधा काळा साप" म्हणून बिनधास्त होतात. त्यातच पट्टेरी कवड्या नावाची आणखी एक बिनविषारी जात आहे. ती काळीच असते आणि अंगावर पांढरे-पिवळट पट्टे. तिने चांगलेचांगले फसतात. म्हणून माझं ठाम मत सांगतो: कवड्याच्या वरच्या खुणांपैकी एक जरी जुळत नसेल, तर तो साप मण्यारच धरायचा.

खात्रीची खूण एक आहे, पण ती जिवंत सापावर तपासायची नाही. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या, षटकोनी खवल्यांची सलग रांग असते. आजूबाजूचे खवले त्याहून लहान. कवड्याच्या पाठीवर अशी वेगळी रांग नसते. स्पष्ट फोटो मोठा केला की ही रांग दिसते, आणि कातीवर तर फारच छान दिसते.

कात आणि मेलेला साप

जळणाच्या ढिगात, गोवऱ्यांच्या कलवडात, माळवदाच्या सराखाली कात सापडते तेव्हा घरातल्यांची झोप उडते. ती कात फेकून देऊ नका, वाचा. हातात घेण्याआधी ढिगात कात टाकणारा अजून बसलेला नाही ना, एवढं काठीने लांबून हलवून बघा.

कात उजेडासमोर धरा. पाठीच्या बाजूला मधोमध षटकोनी मोठ्या खवल्यांची रांग आहे का? मग उलटी करा आणि शेपटीची खालची बाजू बघा. गुदद्वारापासून शेपटीच्या टोकापर्यंतचे खवले सलग, एकसंध आडव्या पट्ट्या असतील तर ते मण्यारीचं लक्षण. तेच खवले मधोमध दुभागून जोडीजोडीने लागले असतील तर कवड्या, तस्कर किंवा धामण. नागाच्या आणि घोणशीच्याही शेपटीखाली जोड्याच असतात, त्यामुळे नुसत्या जोड्या बघून "बिनविषारी" ठरवू नका. पाठीची रांग आणि शेपटीची पट्टी, दोन्ही जुळली तरच मण्यार म्हणायचं. कात मण्यारीची निघाली तर त्या घरात आज रात्रीपासून जमिनीवर कुणी झोपू नये.

मेलेल्या सापाचंही तेच. डोकं ठेचलेलं असतं, त्यामुळे अर्ध्या खुणा गेलेल्या असतात. शेपटी मात्र शाबूत असते. तरी मेलेल्या सापाला हात लावू नका. तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं.

आडव्या पट्ट्यांचे बाकीचे

कुकरी हा मुख्यतः सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खाणारा बिनविषारी साप. तपकिरी अंगावर रुंद काळे आडवे पट्टे आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारख्या काळ्या खुणा. मण्यारीत काळ्यावर पांढरं, इथे तपकिरीवर काळं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

धूळनागीण मोठेपणी साध्या तपकिरी रंगाची, पण पिलांच्या अंगावर पांढरट आडवे पट्टे असतात. डिवचलं की ती मान थोडी पसरवते, म्हणून बिचारी नागाच्या नावावर मारली जाते. उंदीर खाऊन शेतकऱ्याचं धान्य वाचवणारा हा साप.

पोवळा साप फार कमी दिसतो. करंगळीहून बारीक, जेमतेम फूटभर लांब. डोकं काळं, अंग तपकिरी आणि शेपटीवर दोन काळी कडी. डिवचलं तर शेपटी वळवून वर करतो आणि खालचा रंगीत भाग दाखवतो. तो विषारी आहे, पण तोंड लहान आणि स्वभाव गरीब. दिसला तर नशीबवान समजा आणि जाऊ द्या.

काळ्या-पिवळ्या सारख्याच रुंद पट्ट्यांची पट्टेरी मण्यार आपल्याकडे व्हॉट्सअॅपवरच जास्त फिरते. महाराष्ट्रात ती मुख्यतः पूर्व विदर्भाच्या जंगलांत, पुढे पूर्व भारतातून आग्नेय आशियापर्यंत. पाठ मधोमध उंच झाल्यामुळे अंग त्रिकोणी, शेपटीचं टोक बोथट. बीड-लातूरकडे कुणी तिचा फोटो "आपल्या शिवारात निघाली" म्हणून पाठवला तर आधी फोटो कुठला ते विचारा.

उभ्या रेघांचे साप

पहिल्या पावसानंतर धुऱ्यावर, गवतात, विहिरीच्या काठी दिसते ती नानेटी. पाठीवरून दोन पिवळसर रेघा शेपटीपर्यंत जातात आणि पुढच्या अंगावर त्यांना काळ्या आडव्या खुणा छेदतात. लांबी दोन फुटांच्या आत, खाणं बेडूक. इतकी गरीब की पकडली तरी सहसा चावत नाही. ही जात पाकिस्तानापासून थेट तैवानपर्यंत पसरली आहे. खुरपणीच्या वेळी बायकांच्या हाताखाली सगळ्यात जास्त हीच येते आणि खुरप्याने तुटते, याचं फार वाईट वाटतं.

तस्करात दोन्ही प्रकार एकत्र आहेत. पुढच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या आडव्या रांगा, मागच्या अंगावर दोन गडद उभ्या रेघा, मानेवरही दोन छोट्या काळ्या रेघा. घाबरला की मान फुगवून नागमोडी वळवतो आणि झेप घेतो. दिसायला भयंकर, पण बिनविषारी आणि उंदरांचा कर्दनकाळ.

रुका सर्प झाडावरचा. तपकिरी, सडपातळ, पाठीवरून ब्राँझच्या रंगाची रेघ. जायकवाडीच्या पाण्यात किंवा गावतळ्यात दिसणाऱ्या दिवडाच्या अंगावर चौकटी असतात, पण डोळ्याखालून आणि डोळ्यामागून निघालेल्या दोन तिरप्या काळ्या रेघा ही त्याची पक्की खूण. दिवड चिडका आहे, चावतोही जोरात. विष नाही.

नागमोडी: फुरसे आणि मांजऱ्या

बालाघाटच्या खडकाळ माळावर, दगडांच्या ढिगाखाली, सोयाबीनच्या सुडीखाली फुरसे असतं. जेमतेम दीड फूट, मातकट अंग, आणि दोन्ही कुशींवरून जाणारी पांढरट नागमोडी रेघ. डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी खूण. वेटोळ्यावर वेटोळं घासून ते करकर आवाज करतं, कारण त्याचे कुशीचे खवले करवतीसारखे खरबरीत असतात. हा आवाज आला की आहे त्या जागी थांबा, आवाज कुठून येतो ते बघा, मग मागे सरका.

याच्या नावावर मारला जातो तो मांजऱ्या. त्याच्याही पाठीवर काळ्या कडांची फिकट नागमोडी नक्षी आहे. पण अंग लांब आणि सडसडीत, मान बारीक, डोकं मोठं, डोळे टपोरे आणि बाहुली उभी. फुरशाचं अंग आखूड आणि जाडसर. मांजऱ्याला सौम्य विष असतं, माणसाला त्याने अपाय होत नाही.

जगात पट्टे कशाला

एवढे पट्टे निसर्गाने का काढले, हे कळलं की ओळख पक्की बसते. उभ्या आणि आडव्या पट्ट्यांची कामं वेगळी आहेत.

उत्तर अमेरिकेत गार्टर साप नावाचं उभ्या रेघांचं मोठं कुळ आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस इथे हिवाळा संपला की चुनखडीच्या खड्ड्यांतून हे साप हजारोंनी एकाच वेळी बाहेर येतात. याच कुळातल्या एका जातीत काही पिलं रेघांची तर काही ठिपक्यांची जन्मतात. एडमंड ब्रॉडी या संशोधकाने १९८९ आणि १९९२ साली दाखवून दिलं, की रेघांची पिलं सरळ पळून जातात तेव्हा जास्त वाचतात, आणि ठिपक्यांची पिलं पळता पळता वळण घेऊन थबकतात तेव्हा. साप पळताना सरळ रेघ पुढे सरकते आहे हे नजरेला उमगत नाही, पकडणारा चुकीच्या जागी झडप घालतो. नानेटी गवतातून सुळकन जाते तेव्हा पाठीवरच्या रेघेकडे बघा. साप पुढे गेलेला असतो आणि आपली नजर मागेच राहिलेली असते.

आडव्या पट्ट्यांचं एक काम इशाऱ्याचं. अमेरिकेतल्या पोवळ्या सापांवर लाल, पिवळे, काळे पट्टे असतात आणि बिनविषारी किंग साप त्यांची हुबेहूब नक्कल करतात. तिथे मुलांना शिकवतात, लाल पट्टा पिवळ्याला टेकला तर विषारी, काळ्याला टेकला तर मित्र. पण हे अमेरिकी संयुक्त संस्थानांपुरतंच खरं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत विषारी पोवळ्या सापांचे पट्टे कोणत्याही क्रमाने येतात. २००१ साली डेव्हिड फेनिग आणि सहकाऱ्यांनी मऊ मातीचे नकली साप करून रानात ठेवले. जिथे खरे पोवळे साप राहतात, तिथे पट्टेरी नकली सापांवर कमी हल्ले झाले, जिथे राहत नाहीत तिथे ही सवलत मिळाली नाही. आपला कवड्या मण्यारीच्या भीतीवर जगतो तो याच नियमाने. फक्त आपण माणसं भीतीने पळत नाही, मारतो. तिथे त्याचं सोंग त्याच्यावरच उलटतं.

कॅलिफोर्नियातला एक किंग साप तर आडव्या पट्ट्यांचाही असतो आणि उभ्या रेघेचाही. एकाच घरट्यातल्या अंड्यांतून दोन्ही निघतात. ऑस्ट्रेलियाच्या टायगर सापाचं नाव वाघाचं, पण त्याच्यातले कितीतरी बिनपट्ट्याचे. पट्टा ही सापाची आधारकार्डावरची ओळख नव्हे, हे असे साप शिकवतात.

समुद्रात पट्ट्यांचं राज्यच आहे. अंदमानच्या किनाऱ्यावर समुद्री मण्यार अंडी घालायला आणि कात टाकायला खडकांवर येते. कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या जाळ्यांत पट्टेरी समुद्रसाप येतात, ते पाण्यातच पिलं देतात. शाळेची सहल घेऊन अलिबाग-गुहागरला जाणाऱ्या शिक्षकांनी मुलांना एवढं जरूर सांगावं: वाळूवर पडलेला वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा साप मेल्यासारखा दिसला तरी त्याला हात लावायचा नाही.

घरात निघाला तर

गर्दी, आरडाओरड, फवारणीचं औषध, रॉकेल, जाळ, यातलं काही नको. मुलं आणि जनावरं बाजूला घ्या. एका माणसाने लांबून नजर ठेवायची, बाकीच्यांनी बाहेर. नजर सुटली तर मण्यार धान्याच्या पोत्यांमागे जाते आणि रात्र खराब होते. जवळच्या सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे. मारणं, पकडून खेळ करणं, दोन्ही गुन्हा.

सर्पमित्र येईपर्यंत दाराखालच्या फटी गोणपाटाने बंद करा. हे एक काम सगळ्यात उपयोगाचं.

झोप आणि रात्रीची लाईट

मण्यार चावते ती बहुतेक जमिनीवर झोपलेल्याला, रात्री. ती उंदीर, पाली आणि दुसरे साप शोधत अंथरुणात शिरते आणि माणसाने कूस बदलली की दचकून चावते. उपाय साधा आहे. बाज किंवा पलंग, आणि त्यावर मच्छरदाणी, चारही कडा गादीखाली नीट खोचलेली. बाज नसेल तर जमिनीवर का होईना मच्छरदाणी लावा आणि कडा अंथरुणाखाली दाबा. नेपाळमधल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतो असं दिसून आलं आहे. चादर बाजेखाली जमिनीला लोंबू देऊ नका, साप तिच्यावरून चढतो.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची कोपी पाचटाची, झोपणं भुईवर, आजूबाजूला उसाचं रान आणि उंदीर. त्यांच्यासाठी मच्छरदाणी ही चैन नाही. मुकादमाने उचल देताना प्रत्येक कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीमागे, एक मच्छरदाणी आणि एक बॅटरी द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

रात्रीच्या लाईटला पाणी द्यायला जाणाऱ्यांनी गमबूट आणि बॅटरी घेतल्याशिवाय आखाड्यावरून हलू नये. मोटारीच्या पेटीत हात घालण्याआधी आत उजेड टाका. पेटीचं दार उघडायची तीच वेळ असते जेव्हा माणूस झोपेत असतो आणि साप जागा. जळण, पऱ्हाट्या, तुराट्या घराच्या भिंतीला लावून रचू नका. धान्य बंद कोठीत ठेवलं की उंदीर कमी, उंदीर कमी तर साप कमी.

चावलाच तर

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, बहुतेक खेड्यांतले.

मण्यारीचा चावा फसवा असतो. सूज नाही, आग नाही, कधी दातांची खूणही दिसत नाही. पहाटे जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात विनाकारण कळ येते, उलटी होते, सांधे दुखतात, घसा धरतो. घरचे म्हणतात, "काल रात्रीचं जेवण बाधलं." मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, एकाचे दोन दिसतात, थुंकी गिळता येत नाही. पावसाळ्यात पहाटेची पोटदुखी आणि पापण्या उघडत नाहीत, ही दोन लक्षणं एकत्र दिसली की चाव्याची खूण शोधत बसू नका, गाडी काढा.

विष नसांची टोकं निकामी करतं, त्यामुळे नसेकडून स्नायूला निरोप पोहोचत नाही आणि श्वासाचे स्नायू थांबतात. प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पदंशावरचं औषध, रक्तातलं मोकळं विष अडवतं, पण बिघडलेली टोकं दुरुस्त करू शकत नाही. ती भरून यायला दिवस लागतात, तोवर व्हेंटिलेटर श्वास देतो. म्हणून पहिला तास बाबा-महाराजाकडे, मंत्र उतरवण्यात, लिंबाचा पाला चावून "कडू लागतो का" बघण्यात घालवला की हाती काही राहत नाही.

करायचं ते असं. रोग्याला चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय काठी बांधून फळीसारखा स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढा. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने ओढू नका, बर्फ लावू नका. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा आणि गाडी यायला वेळ लागणार असेल तर वाट बघत बसू नका. मोटारसायकल असेल तर रोगी दोघांच्या मधे बसवा, मागच्याने त्याला घट्ट धरायचं.

प्रतिसर्पविष सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच औषध चालतं. त्यामुळे साप शोधत, मारून पिशवीत घालून नेण्याची काही गरज नाही. आधीच फोटो असेल तर दाखवा, नसेल तर लक्षणांवरून उपचार होतात. पहिला डोस साधारण ८ ते १० बाटल्यांचा असतो आणि लहान मुलालाही तेवढाच लागतो, कारण सापाने विष मुलाचं वजन बघून सोडलेलं नसतं. "एवढ्याशा लेकराला इतक्या बाटल्या कशाला" म्हणून घरच्यांनी डॉक्टरांना अडवू नये. श्वास जड वाटू लागला तर व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या रुग्णालयात हलवायची तयारी ठेवा: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड-लातूरची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं. चाव्यानंतर काहीच झालं नाही असं वाटलं तरी २४ तास दवाखान्यात देखरेखीखाली राहायचं. मण्यारीची लक्षणं उशिरा सुरू होऊ शकतात.

डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: रोगी कुठे आणि कसा झोपला होता, त्रास कधी सुरू झाला, पहिलं लक्षण कोणतं, आणि पापण्या कधीपासून पडायला लागल्या. वाटेत दर दहा-पंधरा मिनिटांनी रोग्याला वर बघायला सांगा, एक ते वीस मोजायला लावा, आणि एका श्वासात तो कितीपर्यंत पोहोचतो ते वेळेसह फोनमध्ये लिहून ठेवा. आकडा घसरत असेल तर दवाखान्यात पोहोचल्या पोहोचल्या आधी तेच सांगायचं.